टॉप मॉडेलचा कीबोर्ड: भाव पटतो का?

सप्तक_कोल्हापूर
यामाहाचा टॉप कीबोर्ड जेनॉस 2017 ला आला, जेनॉस2 2023 ला. 2017 च्या अखेरीस डॉलर सुमारे 64 रुपयांना होता, 2023 च्या अखेरीस 83. म्हणजे हजार डॉलरची वस्तू काहीही न बदलता 64,000 वरून 83,000 वर गेली. वर आयात शुल्क आणि जीएसटी. आमची नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे, मात्र त्या मानाने वाढलेली नाही. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने आता टॉप मॉडेलचा नाद सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळीपट्टी
रुपयाचं कारण अर्धवट आहे. याच काळात जपानचा येनही डॉलरमागे 112 वरून 141 पर्यंत घसरला, म्हणजे येनच्या मानाने रुपया फारसा पडलेला नाही. जपानी कंपनीचा माल आपल्याला एवढा महाग का पडावा? 2020 च्या ऑक्टोबरात जपानमधल्या नोबेओकाचा चिप कारखाना जळाला, कीबोर्डमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या ऑडिओ कन्व्हर्टर चिप मिळेनाशा झाल्या, तेव्हाची भाववाढ समजू शकतो. टंचाई सरल्यावर भाव उतरलेला मला तरी दिसला नाही.

एफएम_प्रेमी
दोघांशीही असहमत. 1983 चा यामाहाचाच डीएक्स7 सिंथेसायझर अमेरिकेत 1,995 डॉलरला होता. महागाई धरली तर 2023 चे सहा हजार डॉलर. त्यात एका वेळी 16 सूर, ताल नाही, आपोआप साथ देणाऱ्या स्टाइल नाहीत. जेनॉस2 मध्ये डीएक्स7 ची आवाज घडवायची एफएम पद्धतही आहे आणि बाकी सगळा वाद्यवृंदही. मग महाग झाला कसा?

सप्तक_कोल्हापूर
अमेरिकेतली महागाई तिथल्या पगाराला लावा. इथे लग्नाची सुपारी रुपयांत मिळते.

मंडपवाला
मी रोलंड एक्सपीएस-10 या साध्या कीबोर्डवर वाजवतो. शहनाईची मींड घ्यायची तर उजव्या हाताने सूर धरायचा आणि डाव्याने सूर वरखाली करणारा बेंडचा लिव्हर हळूहळू सोडायचा. तोडी रागाला स्केल ट्यूनमध्ये (एकेक स्वर वेगळा लावायची सोय) कोमल गंधार आणखी उतरवून घेतो. वजनाला हलका, टेम्पो गाडीत कुठेही बसतो. कीबोर्डला लॅपटॉप लावून त्यातले आवाज वाजवून पाहिलेला माझा एक मित्र जत्रेत ऐन लावणीत अडकला, तेव्हा तोही पर्याय मला नको. मंडपातल्या स्पीकरवर महागड्या पियानोचा बारकावा ऐकणार कोण?

काळीपट्टी
मंडपापुरतं मान्य. पण रेकॉर्डिंगला मायक्रोफोन जवळ असतो, तिथे व्हायोलिनचा सूर कसा सुटतो हे लगेच कळतं. स्टुडिओवाल्याने टॉपचा कीबोर्ड कर्ज काढूनही घ्यावा, फक्त आधी दुकानात तासभर बसून स्वतःच्या हाताने वाजवून बघावा.