लेस पॉल स्टँडर्ड : ‘फिफ्टीज’ घ्यावी की ‘सिक्स्टीज’?

मध्यलय :
नमस्कार. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल स्टँडर्ड या इलेक्ट्रिक गिटारच्या ‘फिफ्टीज’ आणि ‘सिक्स्टीज’ या दोन आवृत्त्यांपैकी एक घ्यायचे मी ठरवले आहे. दोन्हींचे अंग महोगनीचे, वर मेपलचा थर, रोझवुडचा फिंगरबोर्ड, २२ फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि २४.७५ इंचांची स्केल (तारेची कंप पावणारी लांबी). कागदावर फरक उरतो तो नेकची (गिटारच्या दांडीची) जाडी, पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबकी भाग) आणि तारा ताणण्याच्या खुंट्या यांचाच. मी मुख्यतः ब्लूज वाजवतो, अधूनमधून जरा जड रॉकही. आवाजातला फरक खरोखर निर्णायक ठरावा इतका आहे का?

तारसप्तक :
माझ्या मते आपण प्रश्न उलट्या टोकाने धरला आहे. पिकअप पुढे कधीही बदलता येतात, खुंट्याही बदलता येतात; नेक मात्र जशी आहे तशीच आयुष्यभर हातात राहते, म्हणून निवड तिच्यावरून करावी. ‘फिफ्टीज’ची नेक जाड व गोलसर आहे आणि तळवा तिच्यावर पूर्ण टेकतो, त्यामुळे अंगठा वरून आणून तार खेचणाऱ्या ब्लूजवादकांपैकी अनेकांना ती कमी थकवते, ‘सिक्स्टीज’ची ‘स्लिमटेपर’ नेक पातळ असून अंगठा मागे ठेवून वाजवणाऱ्यांना ती सोयीची वाटते. लहान हाताला पातळच नेक हवी, हा समज मात्र मला फारसा पटत नाही. या फरकाचे मूळ जुन्या गिटारींमध्ये आहे : १९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट (कडेकडे गडद होत जाणाऱ्या रंगाच्या) स्टँडर्डपैकी १९६० च्या गिटारींची नेक बारीक होत गेली होती.

दुकानात दोन मिनिटे ओळखीची सुरावट वाजवून काहीच कळत नाही. पहिल्या तीन फ्रेटवर बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवे दाबून धरायचा स्वरसमूह) धरून सलग वाजवत राहावे आणि मनगट कधी कुरकुरते ते पाहावे.

लोहचुंबक :
नेकचे महत्त्व मान्य, परंतु आवाजाला इतके गौण लेखू नये. ‘फिफ्टीज’मध्ये बर्स्टबकर १ आणि २ हे पिकअप असून त्यांत अल्निको २ (अल्निको हा चुंबकाचा मिश्रधातू) चुंबक आहेत : वरचे स्वर मऊ, खर्ज थोडा सैल, आघात किंचित दबलेला. ‘सिक्स्टीज’मधील बर्स्टबकर ६१ जोडीत अल्निको ५ आहेत, त्यामुळे आवाज अधिक उजळ आणि खर्ज घट्ट येतो. गेन (आवाज करकरीत करणारी पातळी) वाढवल्यावर जाड तारांवरचे स्वर एकमेकांत मिसळू नयेत असे वाटत असेल, तर हा फरक कानाला नक्की जाणवतो. स्वच्छ आवाजात अ‍ॅम्पची ट्रेबलची (वरच्या स्वरांची) कळ थोडी फिरवली की तो बराचसा झाकला जातो. तुलना करताना दोन्ही गिटारींना सारख्याच जाडीच्या तारा आणि पिकअपची उंची सारखी असावी. एरवी आपण चुंबकांची नव्हे, सेटअपची परीक्षा घेत असतो.

वजनाबद्दलही एक सूचना. दोन्हींच्या अंगात वजन घटवण्यासाठी पोकळी ठेवलेली नाही आणि महोगनीचे वजन फळीगणिक बदलते, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन गिटारींत त्याबाबतीत आवृत्त्यांमधल्यापेक्षा मोठी तफावत निघू शकते. पट्टा लावून उभे राहूनच वाजवून पाहावे.

मध्यलय :
दोघांचेही आभार. अंगठा वरून आणण्याची मला सवय आहे, त्यामुळे कल ‘फिफ्टीज’कडे झुकतो आहे. पण तिच्या जुन्या धाटणीच्या खुंट्यांपेक्षा ‘सिक्स्टीज’वरील ग्रोव्हर कंपनीच्या खुंट्या सूर जास्त टिकवतात, असे वारंवार वाचले आहे.

तारसप्तक :
त्या कारणासाठी निवड बदलू नये. लेस पॉलवर प्रामुख्याने तिसरी आणि चौथी तार उतरते, कारण नटमधून (फिंगरबोर्डच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीतून) निघाल्यावर त्या तारा तिरक्या होऊन खुंटीकडे जातात आणि खाचेत अडकतात. हेडस्टॉकची (खुंट्या असलेल्या टोकाची) ही रचना दोन्हींत सारखीच आहे. तार खेचून सोडल्यावर नटपाशी ‘टिक्’ असा आवाज आला, तर कुशल कारागिराकडून खाच नीट घासून घ्यावी. खुंट्या बदलून तो दोष जात नाही.