घुर्ये यांना 'भारतीय समाजशास्त्राचे जनक' म्हणणं मला पटत नाही

रानवाट:
गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींवर पुस्तक लिहिलं आणि त्यांना 'मागासलेले हिंदू' ठरवलं. मी जव्हारकडे वारली मुलांना शिकवते. एका विद्यार्थिनीच्या घरी लग्नाला गेले होते. लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे बाई. ती गात होती, आणि तिच्यासमोर भिंतीवर सवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढलेला चौक, मधे पालघट देवी. भटजी नाही, पोथी नाही. ज्यांचं सगळं स्वतःचं आहे त्यांना दुसऱ्याच्या रांगेत शेवटी उभं करायचं, हे कसलं शास्त्र?

मालवणकर:
ताई, त्या पुस्तकात घुर्ये भांडत होते ते मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्याशी. एल्विननी १९३९ मध्ये मध्य भारतातल्या बैगा आदिवासींसाठी 'नॅशनल पार्क'सारखा राखीव मुलूख सुचवला होता. माणसं कुंपणात ठेवायची? घुर्ये म्हणत होते, आदिवासींची दैना झाली ती इंग्रजांच्या जमीन-महसुलाच्या कायद्यांनी. शब्द चुकला, मुद्दा नाही.

आणि माणूस तर बघा. १८९३ चा मालवणचा जन्म, मूळ संस्कृतचा विद्यार्थी. केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकले, ते १९२२ मध्ये अचानक वारले तेव्हा हॅडन यांच्याकडे काम पुरं केलं. १९२४ पासून १९५९ पर्यंत मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळला. इंग्रज अधिकारी रिझली नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होते. घुर्यांनी जातीवरच्या १९३२ च्या ग्रंथात रिझलींचेच आकडे घेऊन दाखवलं की उत्तर हिंदुस्थान सोडला तर हा हिशेब जुळत नाही.

उंबरठा:
'उत्तर हिंदुस्थान सोडला तर' हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे तिथे वंशाचा हिशेब त्यांना मान्य होता! बाबासाहेबांनी १९१६ मध्येच, कोलंबियात वाचलेल्या निबंधात, जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे असं सरळ मांडलं. सती, लादलेलं वैधव्य, बालविवाह, सगळ्यांचा उलगडा त्यांनी तिथूनच केला. घुर्ये जातीची सहा लक्षणं सांगतात, परीक्षेसाठी आम्ही ती पाठ केली. लग्नावरचं बंधन त्यात सहांपैकी एक. वर्णन उत्तम आहे, पण 'का' याचं उत्तर बाबासाहेबांकडेच मिळतं. जनक म्हणायचं तर त्यांना म्हणा.

मालवणकर:
त्या निबंधाच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. पण माणसं घडवणं हे वेगळं काम आहे. इरावती कर्वे १९२८ मध्ये घुर्यांकडेच चित्पावनांवर प्रबंध लिहून एम.ए. झाल्या. नामवंत समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास त्यांचेच शिष्य. समाजशास्त्रज्ञ अ. र. देसाई तर पक्के मार्क्सवादी, तरी पीएच.डी. घुर्यांकडे! स्वतः ते ग्रंथांत रमले, हे खरं. पण शिष्यांना त्यांनी गावोगाव धाडलं.

रानवाट:
विभाग त्यांनी उभारला, मान्य. इरावतीबाई तर माझ्या फार जवळच्या. पण धवलेरीला कुणी विचारलं का, बाई, तू स्वतःला काय म्हणवतेस? माझ्या वर्गातल्या मुलीला विचारलं तर ती म्हणते, 'आम्ही वारली.' मागासलेले हे आपण म्हणतो, ती नाही. माझं त्या एका शब्दापाशी अडलंय.