झडप जिवंत नसते, कमावलेली असते

कुणीतरी विचारलंय की हृदयात डुकराची झडप बसवली तर शरीर ती नाकारणार, मग किडनी बदललेल्या पेशंटसारख्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागत असतील. तसं नाही. ती झडप जिवंत अवयव नसतेच. ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनात मुरवल्यावर तिच्यातल्या पेशी मरतात, कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि शरीराला 'परकं' वाटणारं बरंचसं झाकलं जातं. थोडक्यात, कातडं कमावतात तसाच प्रकार (हे रसायन चामड्याच्या धंद्यातही वापरतात). आधी फॉर्मालिन वापरून पाहिलं होतं, पण त्या झडपा टिकल्या नाहीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसचे हृदयाचे सर्जन आलँ कार्पांतिए यांनी ग्लुटाराल्डिहाइड आणलं आणि चित्र पालटलं.

मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलंय, म्हणून एक गोष्ट सांगतो जी इथे आली नाही. झडप रसायनाच्या बरणीतून काढली की लगेच बसवत नाहीत. सलाइनच्या वाडग्यांत एकामागून एक खळखळून धुवायची, रसायन अंगात जायला नको म्हणून. आणि टाके घालत असताना तिच्यावर सलाइन शिंपडत राहायचं. पाकळ्या (झडपेचे उघडझाप करणारे पातळ पडदे) सुकल्या तर झडप वाया! नवखा असताना यावरूनच सर्वांत जास्त बोलणी खाल्लीत.

अर्थात त्याच रसायनाची दुसरी बाजूही आहे. उरलेल्या ग्लुटाराल्डिहाइडमुळे आणि मेलेल्या पेशींच्या अवशेषांमुळे पाकळ्यांत हळूहळू कॅल्शियम साचतं, तरुण पेशंटमध्ये तर लवकरच. पंचविशीतल्या माणसाला सर्जन बऱ्याचदा धातूची झडप सुचवतात ते त्यामुळेच, मग रक्त पातळ करणारी गोळी कायमची मागे लागली तरी.