जुने ब्रिटिश रंगीत सिनेमे: लंडनहून ब्ल्यू-रे मागवावी का?

पुणेरी_प्रेक्षक:
भाचा दिवाळीला लंडनहून येतोय. त्याच्याकडून 'द रेड शूज' (१९४८) आणि 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) मागवायचा विचार आहे. 'रेड शूज'ची जुनी ब्रिटिश डीव्हीडी आहे माझ्याकडे, पण प्रोजेक्टरवर सगळंच धुरकट दिसतं. ब्ल्यू-रे प्लेयर साधाच, इथेच घेतलेला. तिकडची डिस्क त्यावर चालेल का? आणि इतक्या जुन्या सिनेमाला हाय डेफिनिशनचा खरंच काही फायदा होतो का?

नाशिककर:
चालेलच असं नाही. ब्ल्यू-रेचे तीन विभाग आहेत: अमेरिका 'ए'त, ब्रिटन 'बी'त आणि आपण 'सी'त. कव्हरच्या मागे षटकोनी खूण असते, तिच्यात अक्षर असतं. नुसता 'बी' असेल तर तुमच्या प्लेयरवर अडेल. तिन्ही अक्षरं असली तर बिनधास्त घ्या. ४के (म्हणजे ब्ल्यू-रेहूनही जास्त बारकाव्याच्या) डिस्कला विभागांची भानगडच नाही, पण तिला ४के प्लेयरच लागतो. भाच्याला पैसे द्यायच्या आधी कव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा.

रीळकाका:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. मुंबईत लॅबमध्ये रंगजुळणी करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

फायदा होतो, आणि या दोन सिनेमांना तर फार होतो. हे टेक्निकलरचे सिनेमे. त्या कॅमेऱ्यात रंगीत फिल्म नसायचीच. भिंगामागच्या लोलकातून प्रकाश विभागला जायचा आणि तीन कृष्णधवल निगेटिव्ह एकाच वेळी चालायच्या; एकीवर लाल रंगाची नोंद, दुसरीवर हिरव्याची, तिसरीवर निळ्याची. रंग चढायचा तो प्रिंट काढताना. आता अडचण अशी की फिल्म वर्षानुवर्षं आकसते, आणि तिन्ही पट्ट्या काही सारख्या आकसत नाहीत. मग त्या एकमेकींवर नीट बसत नाहीत, आणि माणसाच्या खांद्याच्या एका कडेला लालसर, दुसऱ्या कडेला हिरवट झालर दिसायला लागते. तुमच्या डीव्हीडीतला धुरकटपणा बराचसा याचाच असणार.

'रेड शूज'च्या निगेटिव्हना तर वरून बुरशीही लागली होती. जुने सिनेमे जपणारी फिल्म फाउंडेशन ही संस्था आणि यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाचं चित्रपट-अर्काइव्ह यांनी मूळ निगेटिव्हवरून पुन्हा काम केलं. हॉलिवूडचा दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी आणि 'रेड शूज'चा दिग्दर्शक मायकेल पॉवेल याची पत्नी, संकलक थेल्मा स्कूनमेकर, दोघंही त्यामागे उभे राहिले. सव्वादोन तासांचा सिनेमा, सेकंदाला २४ चौकटी, त्याच्या तिप्पट: ५ लाख ७९ हजारांच्या आसपास चौकटी ४के स्कॅन करून संगणकावर एकावर एक बसवल्या. २००९ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तो दाखवला. या लोकांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

डिस्क लावलीत की नायिका मोइरा शिअररच्या तांबड्या केसांकडे बघा. डीव्हीडीत तो एक तपकिरी गोळा असतो. इथे मागचा पडदा काळोखा असला तरी कपाळावरची बट न् बट वेगळी दिसते. बॅलेतल्या जवळच्या दृश्यांत रंगभूषेचा जाड थर कळतो, आणि तो कळायलाच हवा, ती नर्तिका रंगमंचावर आहे. पडद्यावर बारीक दाणे हलताना दिसतील. ते पुसायला जाऊ नका, ती फिल्मच आहे. प्रोजेक्टरमधली नॉइज रिडक्शन आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग आधी बंद करा.

सोलापूरची_श्रोती:
काकांनी डोळ्यांचं सांगितलं, मी कानाचं सांगते. युरोपातल्या जुन्या डीव्हीडींवर २४ चौकटींचा सिनेमा सहसा २५ नं पळवलेला असतो. १३४ मिनिटांचा सिनेमा १२९ मिनिटांच्या आत संपतो, आणि संगीताची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढते. मी हार्मोनियम शिकवते, मला ते टोचतं. ब्रायन ईझडेलला या संगीतासाठी ऑस्कर मिळालं, ते त्याच्या मूळ सुरात ऐकायला मिळावं एवढ्यासाठीसुद्धा मी ब्ल्यू-रे घेईन.

पुणेरी_प्रेक्षक:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काका, एक शंका. 'ब्लॅक नार्सिसस'मधला हिमालय सगळा इंग्लंडमध्येच केलाय म्हणतात. एवढ्या स्वच्छ चित्रात ते उघडं पडत नाही का?

रीळकाका:
पडतं, थोडंसं. पाइनवूड स्टुडिओ आणि ससेक्समधली एक बाग, एवढ्यातच सगळं उरकलंय. दऱ्या पर्सी डे यांनी काचेवर रंगवल्या. खिडकीबाहेरचे डोंगर म्हणजे मोठे केलेले कृष्णधवल फोटो, त्यांवर रंगीत खडू घासलेले. ब्ल्यू-रेवर एखाद्या ठिकाणी खडूची पूड जाणवते. मला विचाराल तर जॅक कार्डिफच्या प्रकाशयोजनेची खरी कमाल तिथेच कळते. पहाटेचा गार निळा आणि मेणबत्तीचा पिवळा एकाच चेहऱ्यावर पडतात, आणि मागचा डोंगर खडूचा आहे हे ठाऊक असूनही थंडी वाजते. त्या कामाचं ऑस्कर उगाच नाही मिळालं त्याला.

पुणेरी_प्रेक्षक:
भाच्याचा फोटो आला. 'ब्लॅक नार्सिसस'वर नुसता 'बी' आहे. तिन्ही विभाग चालवणारा प्लेयर पुण्यात कुणी वापरतंय का? कोणता, आणि नीट चालतो का?