न्याय आधी देवाच्याच लोकांवर का? (आमोस 3:2)

नगरवाला
सर्वांना सलाम. आमच्याकडे बुधवारच्या बायबल स्टडीला आमोस संदेष्ट्याचं पुस्तक चालू आहे आणि मी 3:2 वर अडकलोय. देव इस्राएलला म्हणतो पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी फक्त तुम्हालाच जवळ केलं, आणि लगेच पुढे, म्हणून तुमच्या सगळ्या पापांचा जाब विचारीन. मला वाटलेलं 'म्हणून तुम्हाला सांभाळीन' असं काहीतरी येईल. एक जण म्हणाले हे जुन्या करारातलं, आपण आता नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली, आपल्याला लागू नाही. मग 1 पेत्र 4:17 चं काय, तिथेही न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासूनच होते. आणि पेत्र आपल्याला पवित्र राष्ट्र म्हणतो, तसं जगायचं म्हणजे रोज नक्की काय करायचं? लहानपणापासून दारू नको, पिक्चर नको एवढंच ऐकत आलोय.

पाळकांची_लेक
दादा, आमोस पहिल्या अध्यायापासून एका बैठकीत वाचा, मग 3:2 कळतं. आधी दिमिष्क, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, सगळ्या शेजाऱ्यांवर न्याय येतोय, ऐकणारे माना डोलावत असणार, मग यहूदा, आणि मग थेट त्या ऐकणाऱ्या इस्राएलवरच. आणि हा माणूस तकोवाचा मेंढपाळ, म्हणजे दक्षिणेतल्या यहूदातून उत्तरेच्या इस्राएल राज्यात जाऊन बोलतोय, तिथल्या दुसऱ्या यराबाम राजाच्या काळात, पैसा खेळत होता, बेथेलला यज्ञ जोरात चालू होते. आरोप काय तर चांदीसाठी नीतिमानाला विकलं, जोडाभर चपलांसाठी गरिबाला विकलं. 2:8 तर नीट बघा. गहाण ठेवलेली वस्त्रं पसरून हे लोक वेदीजवळ लोळतायत. निर्गम 22 मध्ये साफ सांगितलंय की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, रात्री तो काय पांघरून झोपेल. म्हणजे एक माणूस बाहेर कुडकुडतोय आणि त्याचंच पांघरूण अंगाखाली घेऊन हे उपासनेला बसलेत. गज्जाच्या लोकांना हा नियम दिलाच नव्हता हो, यांना दिला होता, म्हणून जाब यांना. आणि सुमारे चाळीस वर्षांत, इ.स.पू. 722 ला, अश्शूरच्या साम्राज्याने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली.

कृपेखाली आहोत म्हणून लागू नाही हे मला अजिबात पटत नाही. ज्या पेत्राने आपल्याला पवित्र राष्ट्र म्हटलं त्यानेच त्याच पत्रात 1:16 ला लेवीय पुस्तकातलं 'पवित्र असा' उचललंय. आणि लेवीय 19 मध्ये त्याखाली काय आहे बघा, शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, तराजू खरा ठेवा. आपल्याकडे मापात पाप म्हणतात ना, आमोस 8:5 मध्ये तेच, माप लहान आणि वजन मोठं, आणि वर शब्बाथ कधी संपतो म्हणजे धान्य विकता येईल अशी घाई.

लोदहून
शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे आम्ही. कोकणात आमच्या लोकांचे तेलाचे घाणे होते, शनिवारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हणायचे. वेगळं असणं गावाला दिसायचं ते त्या बंद घाण्यातून, आणि एक दिवसाची कमाई गेली तरी पिढ्यान् पिढ्या ते पाळलं गेलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच, खिशाला जिथे झळ लागते तिथून बघा.

न्यायाबद्दल म्हणाल तर योम किप्पूर हा आमचा हिशोबाचा दिवस. जुन्या लोकांत त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, उपास, घराची दारं लावून घ्यायची, बाहेरच्यांशी संबंध नाही. त्या सकाळी यशया 58 वाचतात आणि त्यात देव उपास करणाऱ्यांनाच विचारतो की उपास धरून वर आपल्या मजुरांना राबवता? उपाशी माणसाच्या तोंडावर हे वाचायचं! मिश्नात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, तर असं आहे की देवाविरुद्धच्या पापांची क्षमा त्या दिवशी होते, पण शेजाऱ्याचं काही केलं असेल तर त्याला जाऊन राजी करेपर्यंत तो दिवससुद्धा ते पुसत नाही.

पहाटतारा
म्हणजे कोरोना, पूर हे सगळं न्यायच होतं ना? आमच्याकडे तसंच सांगतात.

पाळकांची_लेक
नाही हो, तसं म्हणू नका प्लीज. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा येशूने विचारलं ते यरुशलेमेतल्या बाकी लोकांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का, आणि स्वतःच नाही म्हणाला, आणि मग ऐकणाऱ्यांना म्हणाला तुम्ही पश्चात्ताप करा. पुरात ज्याचं घर गेलं त्याच्या दारात जाऊन हा न्याय आहे सांगणं म्हणजे संकटात सापडलेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांचं काम, आणि देव शेवटी त्या मित्रांवरच रागावला. आमोसने अश्शूरची भीती घातली खरी पण बोट ठेवलं ते ऐकणाऱ्यांच्याच धंद्यावर आणि कोर्टकचेरीवर.

नगरवाला
ताई, लोदवाले, दोघांचेही आभार. मजुरीचं वाचून गप्प झालो कारण आमच्या मंडळीत बागायतदार आहेत आणि त्यांच्याच शेतावर खुरपायला जाणाऱ्या बायाही आहेत, रविवारी एकाच चटईवर बसतात, आणि पैसे बाजाराच्या दिवशी, तेही कधी अर्धे. या बुधवारी लेवीय 19:13 आणि यशया 58 दोन्ही वाचायला घेतो. लोदवाले, यशया 58 पूर्ण वाचता की ठराविक भाग, तेवढं सांगा.

लोदहून
57:14 पासून 58 संपेपर्यंत. दुपारी योना, तोही अख्खा.