प्लास्टिकची बोट थंडीने तडकते, मालकाच्या आळसाने नाही

शीडवाला (मिनेसोटा):
परवा इथे मिशिगनकरांनी लिहिलं की थंडीने कुठलीही बोट फुटत नाही, पाणी काढायचा कंटाळा केला की आत बर्फ होतो आणि हल, म्हणजे बोटीचं अंग, फाटतो, सगळा मालकाचा आळस. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझी बोट सतरा फुटी, सेकंडहँड. बाहेरून प्लास्टिकची साल, मध्ये फोम, आतून फायबरग्लास. ऑक्टोबरात पाणी काढायचं तळाचं बूच काढलं, नाळ म्हणजे पुढचं टोक वर करून दोन दिवस निथळत ठेवली, हात जाईल तिथवर जुन्या पंचाने कोपरे पुसले. 2019 च्या जानेवारीअखेर मिनियापोलिसला पारा उणे 33 सेल्सिअसला गेला होता, त्या रात्री मागच्या अंगणातून फाटकन आवाज आला. बायको म्हणाली फांदी मोडली. सकाळी बघतो तर कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खोलगट जागेच्या, कोपऱ्यातून निघालेला हातभर तडा, क्रेडिट कार्डाची कड आरामात आत जात होती. आणि तोच तडा मे महिन्यात असा मिटला की नुसतं नख अडकायचं! बर्फाने फाटलं असतं तर कड फुगून बाहेर आली असती, इथे फुगवटा नावाला नाही.

हिशोब करून बघा. माझ्या सालीचं एबीएससारखं कडक प्लास्टिक मीटरमागे दर अंशाला साधारण 0.08 मिलिमीटर आखडतं, फायबरग्लास त्याचा तिसरा हिस्सा. वीस अंशावरून उणे 33 म्हणजे 53 अंशांचा फरक, बोट 5.2 मीटर. साल 22 मिलिमीटर आखडायला बघते, आतलं फायबर सातवर अडून बसतं. मधले पंधरा कुठून आणायचे? ताण कोपऱ्यात आणि स्क्रूच्या भोकांपाशी गोळा होतो आणि तिथेच फाटतं. यात माझा आळस कुठे आला ते सांगा.

मिशिगनकर:
मीच तो. माझी बोट पॉलिथिलीनची, अकरा हिवाळे उघड्यावर, वर ताडपत्री, बस्स. एक ओरखडा नाही. थंडीने फुटायची तर माझी का नाही फुटली? आणि फोमच्या आत पाणी मुरलेलं पंचाने पुसून निघत नाही हो. जुन्या बोटीत स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं. तुम्ही पुसलंत ते दिसणारं पाणी.

चाकणचा पॉलिमरवाला:
दोघंही वेगवेगळ्या प्लास्टिकबद्दल भांडताय. आम्ही गाड्यांचे बंपर बनवतो, नमुने उणे 30 ला गोठवून आपटून बघणं हे रोजचं काम. पॉलिथिलीन उणे शंभरच्या खाली गेल्याशिवाय काचेसारखं ठिसूळ होत नाही, म्हणून मिशिगनकरांची बोट टिकली. त्यात त्यांच्या ताडपत्रीचं कौतुक नाही. ते आखडतं मात्र एबीएसच्या दुप्पट, पण सगळा हल एकाच मालाचा, आत कोणी अडवायला नाही, म्हणून बिनबोभाट लहान होतो. तोच हल लोखंडी ट्रेलरला दोन टोकांना बोल्टने आवळून ठेवा, मग बघा.

पॉलिप्रॉपिलिन या तिसऱ्या प्लास्टिकचं वेगळंच. साधं असेल तर शून्याच्या आसपासच ठिसूळ व्हायला लागतं, म्हणून त्यात इथिलीन नाहीतर रबर घालतात. एबीएसमधे रबर असतंच, पण त्या रबराला ऊन खातं. शीडवाला, बोट किती वर्षांची? उन्हाळे किती काढले तिने? माझ्या मते तुमची साल उन्हाने आधीच मारली होती, थंडीने नुसता शेवटचा धक्का दिला.

लेकसाइड मावशी:
एवढा खर्च केलात तर गराजमधे का नाही ठेवलीत? आत हीटर नसला तरी पारा इतका झपाट्याने पडत नाही.

शीडवाला:
गराजमधे दोन गाड्या. आणि आता अंगणातही ठेवता येत नाही, कारण आमच्या एचओएचं, म्हणजे वसाहतीचे नियम ठरवणाऱ्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलंय, बोट रस्त्यावरून दिसता कामा नये. सहा फुटी कुंपण घालतो म्हटलं तर कुंपण चार फुटांचंच हवं. आता बोट गावाबाहेर भाड्याच्या मोकळ्या जागेत वाऱ्यावर पडलीय.

टेक्ससचा अण्णा:
एचओए!! नाव काढू नका. आमच्याकडे मुलीच्या लग्नाचा मांडव दोन दिवस जास्त राहिला तर दंड लावला. स्वतःच्या घराचे हप्ते स्वतः भरायचे आणि तोरण कुठे बांधायचं ते दुसऱ्याने सांगायचं.

लेकसाइड मावशी:
मी आमच्या एचओएच्या बोर्डावर चार वर्षं आहे, फुकट काम करते, रात्री अकराला लोकांचे फोन घेते. नियम सही करण्याआधी वाचायचे असतात. एकाची बोट चालवून घेतली की दुसऱ्याचा मोडका ट्रक येतो, मग तिसऱ्याचा कॅम्पर. घर विकायला काढाल तेव्हा याच नियमांचा फायदा घ्याल.

टेक्ससचा अण्णा:
मांडव आणि मोडका ट्रक एकच का मावशी? शब्द जपून वापरा.

लेकसाइड मावशी:
मी मांडवाचं नावसुद्धा घेतलेलं नाही. तुमचा राग तुमच्या बोर्डावर काढा, माझ्यावर नको.

मँचेस्टरची सुकाणूवाली:
अवांतर बास, बोटीवर या. इथे टॉपर म्हणून 3.4 मीटरची बोट आहे, पॉलिप्रॉपिलिनचीच, आणि आमच्या तलावावर पोरं ती भर हिवाळ्यात चालवतात. तडकताना पाहिलेली नाही. पण आमची थंडी म्हणजे उणे दोन-तीन. मी फुटताना पाहिली ती दुसरीच एक जुनी बोट. सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं, मुलाने ट्रॉलीवरून उतरवताना नाळ काँक्रीटवर टेकवली, आपटली नाही, टेकवली, आणि बशीला जावा तसा तडा गेला. म्हणून गारठ्यात बोट हलवायचीच नाही हे मी सगळ्यांना सांगते. उभी राहून फुटणाऱ्या बोटींपेक्षा ओढताना फुटणाऱ्या जास्त असतील.

मिशिगनकर:
ठीक. तडा मे मधे मिटला, फुगवटा नव्हता, म्हणजे तुमचा बर्फाने फुटला नाही, मानलं. आळशी म्हणालो तो शब्द मागे. पण नवीन माणसाने हे वाचून बूच काढायचं सोडलं तर त्याला जबाबदार तुम्ही. माझ्या शेजाऱ्याची फायबरची बोट पाण्यानेच फुटली, ती मी डोळ्यांनी पाहिलीय.

शीडवाला:
बूच काढू नका असं मी कुठे म्हटलं? पॉलिमरवाले, बोट सोळा वर्षांची, आधीच्या मालकाने उघडीच ठेवलेली, साल हाताला खडूसारखी लागायची. तेव्हा उन्हाचं तुमचं मला पटतंय, न पटून सांगतो कोणाला. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडलंय, पुढे सरकायचा थांबला. एपॉक्सी लावली होती ती पुढच्याच हिवाळ्यात सुटली.

चाकणचा पॉलिमरवाला:
एपॉक्सी कडक, साल हलती, सुटणारच. एबीएसला मेथाक्रिलेटचा गोंद लावा. आधी खडूसारखा थर घासून काढा, वीस अंशाच्या आसपास असतानाच भरा. तडा मिटलेला असताना भरलात तर थंडीत परत ओढला जाईल, म्हणून व्हीसारखी खाच पाडून भरा आणि आतून पट्टी द्या. मिशिगनकर, पॉलिथिलीनला हा गोंद धरत नाही, तुमची फुटली तर वेल्डिंगच.

मिशिगनकर:
फुटणार नाही. पण ट्रेलरचे बोल्ट शनिवारी सैल करून येतो.