80-90 ला गाडी खालून थरथरते, बॅलन्सिंग करून झालं, आता काय बघू?

हायवेकर_सातारा
नमस्कार मंडळी. जुनी सात सीटर डिझेल आहे, रिअर व्हील ड्राइव्ह, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), टायर 215/75 आर15. गावात फिरताना काहीच कळत नाही, पण पुणे रोडला 80 च्या वर गेलो की सीटखालून आणि फ्लोअरमधून बारीक थरथर सुरू होते, 90 ला सगळ्यात जास्त, आतल्या आरशात मागचा ट्रक पुसट दिसतो इतकी, आणि 100 च्या पुढे जरा कमी. स्टिअरिंग मात्र एकदम शांत. व्हील बॅलन्सिंग झालं, पुढचे टायर मागे टाकून पाहिले, काही फरक नाही. एक मिस्त्री म्हणतो इंजिन माउंटिंग (इंजिन टेकतं ते रबर) बदला, दुसरा म्हणतो गिअरबॉक्स उतरवायला लागेल. कुणाचं ऐकू?

डिझेलबाबा
अजून कुणाचंच ऐकू नका. सरळ मोकळा रोड बघा, 95 ला न्या, न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप 80 पर्यंत उतरू द्या. इंजिन बंद करायचं नाही हां, ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग त्याच्यावर चालतं. न्यूट्रलमध्ये थरथर गेली तर इंजिन, क्लच, माउंटिंगकडे बघू, तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा), क्रॉस (त्याच्या दोन्ही टोकांचे वाकणारे सांधे), होसिंग (मागचा अॅक्सल) नाहीतर चाकं. मग तोच 85 चा स्पीड एकदा चौथ्यात आणि एकदा पाचव्यात धरा, आरपीएम बदलूनही थरथर त्याच स्पीडला येत असेल तर माउंटिंगचे पैसे वाचले.

हायवेकर_सातारा
केलं दादा. न्यूट्रलमध्ये थोडी कमी होते पण जात नाही. चौथा पाचवा दोन्हीत तेच. अॅक्सिलेटर दाबला की वाढते. आणि एक गंमत, मागे घरची सगळी मंडळी बसली असली की जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे बायकोला वाटतं मला भास होतात.

लेथवाला_कोल्हापूर
सहा माणसांच्या वजनाने कमी होते म्हटल्यावर क्रॉसच्या अँगलवर माझा पहिला संशय. मागचे पाटे कधी बदललेत का, किंवा एखादा जादा टाकलाय का?

हायवेकर_सातारा
हो, दिवाळीत. मागून बसत होती म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा टाकला. थरथर त्यानंतरचीच म्हणायला हरकत नाही.

स्पॅनर_पाना
मग पाचर मारून मोकळं व्हा, पाटा आणि होसिंगच्या मध्ये बसते ती, होसिंगचा अँगल बदलायला, अर्ध्या दिवसाचं काम. आणि खाली शिरलाच आहात तर शाफ्टवर हात फिरवा, बॅलन्सचा पत्र्याचा तुकडा उडाला असेल तर वेल्डचा डाग दिसतो. चिखलाचा गोळा किंवा अंडरकोटिंगचा थर चिकटला असला तरी शाफ्ट हादरतो.

लेथवाला_कोल्हापूर
चिखलाचं बरोबर, पण पाचर न मोजता मारू नका राव, उलटी बसली तर आहे त्याच्यापेक्षा वाईट.

हिशोब बघा. या टायरचा घेर साधारण 2.2 मीटर. 90 ला गाडी सेकंदाला 25 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला 11 वेळा फिरतं. होसिंगचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) 4 च्या आसपास धरला तर शाफ्ट फिरतो 45 वेळा. चाकाचा दोष असेल तर ठोके वेगवेगळे जाणवतील असा जाड हादरा लागतो, शाफ्टचा असेल तर बारीक थरथर, तुम्ही सांगताय तशी. क्रॉस तिरका चालला की एका फेरीत शाफ्टचा वेग दोनदा कमी-जास्त होतो, म्हणजे 90 झटके. दोन्ही टोकांचे क्रॉस सारख्या अँगलला असतील तर मागचा क्रॉस पुढच्याचं काम पुसून टाकतो. तरीही अँगल 3 डिग्रीच्या आत असलेला बरा. मोबाइलच्या अॅपवर झटके मोजायचे असतील तर मोजा, पण सेन्सर सेकंदाला 100 वेळाच मोजत असेल तर 50 च्या वरचं त्यात खरं दिसत नाही, क्रॉसचं त्यातून सुटेल.

त्याच मोबाइलचं लेव्हल अॅप मात्र कामाचं. गाडी रिकामी, चाकांवर उभी, पिटवर घ्या. टू पोस्ट लिफ्टवर नको, तिथे होसिंग खाली लोंबतं आणि सगळे अँगल खोटे येतात. गिअरबॉक्सची फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती), शाफ्ट, पिनियनची (शाफ्ट फिरवतो त्या होसिंगमधल्या गिअरची) फ्लँज, तीन रीडिंग द्या. शाफ्ट सोडायच्या आधी दोन्ही फ्लँजवर खडूने नाही, पंचने खूण करा. आणि शाफ्ट मधल्या स्प्लाइनमधून (दातांच्या सरकत्या जोडातून) सुटला तर दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेतच परत बसवा, एक दात चुकला तरी नवीन थरथर विकत घेतली समजा.

हायवेकर_सातारा
मोजलं. गिअरबॉक्स मागे 3 डिग्री उतरतो, शाफ्ट 7, पिनियन फक्त 1. क्रॉस हाताने हलवून पाहिले, खेळ नाही, गंज नाही. शाफ्टवर चिखल होता, धुतला, फरक नाही.

लेथवाला_कोल्हापूर
म्हणजे पुढच्या क्रॉसला 7 वजा 3, 4 आले, मागच्याला 7 वजा 1, 6. मागचा पुढच्याला पुसत नाहीये आणि दोन्ही जास्तच आहेत. नुसत्या पाचरीने मागचा 4 वर येईल पण पुढचा तसाच राहील. म्हणून आधी जादा पाटे काढा, गाडी खाली येऊन शाफ्टचा उतार कमी होईल, मग परत मोजा. तरी फरक राहिला तर तेवढ्याच डिग्रीची पाचर, पिनियनचं तोंड वर उचलेल अशी.

स्पॅनर_पाना
पटलं. पण मग मागून बसण्याचं काय, तेच तर मूळ दुखणं होतं ना?

लेथवाला_कोल्हापूर
जुने पाटे उतरवून कमानीला देऊन (परत बाक काढून) घ्या, नाहीतर सेटच नवीन टाका. बहुतेक नवीन शॅकल बुशसुद्धा (पाट्याच्या टोकाचे रबर) लागतील, तेही त्याच वेळी करा.

हायवेकर_सातारा
कराडला कमानीवाला आहे, रविवारी गाडी टाकतो. नवीन रीडिंग इथेच देतो.